नाव नको, पान दाखव

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. घरात लसूण-मिरची कुटतात तसला नव्हे, औषधं कुटणारा, वैद्याचा खल. काळ्या दगडाचा, पोटानं खोल, काठानं रुंद. हल्ली मी सोलापुरात एका लहानशा घराच्या दारात बसून असतो. पोटात पाणी साठलं की चिमण्या येऊन पिऊन जातात. जन्मभर माणसांना कडू पाजलं, आता चिमण्यांना गोड पाजतो आहे. माझी तक्रार काहीच नाही. उलट आज मी तुम्हाला गोष्ट सांगायला बसलो आहे ती आभार मानायला. काही माणसांचे आभार माझ्या पोटात राहून गेले आहेत, आणि ते बाहेर काढायला माझ्याजवळ दुसरी वाट नाही.

माझा जन्म हिप्परग्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका खाणीतला. भीमा नावाच्या पाथरवटानं मला घडवलं. खरं तर मी जात्याची तळी व्हायचा, पण टाकीचा घाव जरा जोरात बसला आणि कडेचा एक टवका उडाला. भीमानं कपाळाला हात लावला आणि मग उरलेल्या दगडाचा खल करायला घेतला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव पुष्कळ सोसले, पण माझ्या वाट्याला देवपणाऐवजी खळगा आला. त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

मला घेऊन गेले ते गुरुसिद्धप्पा वैद्य. त्यांचं दुकान मंगळवार पेठेत होतं. त्यांची घरची बोली कानडी, दुकानातली मराठी, आणि गिऱ्हाइकांत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळंच. सोलापुरात हे कुणाला नवल वाटत नाही. एका सकाळी एकाच पायरीवर चार भाषांत खोकला ऐकू यायचा. वैद्यांनी मला आधी उन्हात ठेवलं, मग चार दिवस माझ्या पोटात जाडं मीठ आणि तांदूळ कुटले. कच निघायची थांबली तेव्हा कुठं त्यांनी मला औषधाला हात लावू दिला. रोग्याच्या पोटात दगड जायला नको, असं ते म्हणत.

माझा जोडीदार म्हणजे बत्ता. तो सारखा धपाधप बोलतो, मी सगळं ऐकून घेतो. संसार असाच चालतो. आम्ही दोघांनी मिळून किती काय कुटलं त्याची गणती नाही. सुंठ कुटताना अख्खं दुकान शिंकायचं. हिरडा म्हणजे हट्टी कारटं, दगडाला दगड भेटल्यासारखं व्हायचं. गुळवेल इतकी कडू की तिच्यानंतर दोन दिवस मला कशाचीच चव लागायची नाही. लोक म्हणायचे, "गुण येतो तो गुरुसिद्धप्पांच्या खलामुळं." हे ऐकून मला चढलं होतं, हे कबूल करतो. कुटणारे हात दुसऱ्याचेच होते, पण फुगायचा मी.

ते हात होते सारजाबाईंचे. सारजाबाई सांगोल्याकडच्या, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचा नवरा गेला आणि त्या सोलापुरात आल्या. गिरणीत त्यांचं मन रमलं नाही, वैद्यांकडं रमलं. वैद्य त्यांना कानडी वळणानं "सारजव्वा" म्हणत, त्या वैद्यांना "अप्पा" म्हणत. कुटता कुटता त्या बत्त्याशी बोलत. कुणाची सून कशी, कुणाची शेळी कधी व्याली, सगळं. ऐकू मात्र मला यायचं.

दुकानात वैद्यांचा एक नियम होता. तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. नाव घेतल्याशिवाय माझ्यात एक पानसुद्धा पडायचं नाही. सारजाबाई आधी मोठ्यानं म्हणायच्या, "अडुळसा," आणि मग अडुळसा टाकायच्या. औषध देतानाही तसंच. पुडी हातात देताना नाव सांगायचं आणि घेणाऱ्यानं मान डोलवायची. वैद्य म्हणत, नाव घेतलं की चूक होत नाही. आणि इतक्या वर्षांत एकही झाली नव्हती. संध्याकाळी सारजाबाई मला धूत आणि ते पाणी पायरीच्या कडेला ओतून देत. तिथं आपोआप एक झाड उगवलं होतं. गुलाबी चपट्या फुलांचं, बारा महिने फुलणारं. सदाफुली. तिच्याकडं कुणी कधी बघितलं नाही. मीही नाही.

सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला त्याला दोन वर्षं झाली होती. श्रावणातल्या एका सकाळी नरसम्मा नावाच्या बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. त्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या. त्यांचा मुलगा मागावर बसायचा आणि सून दोऱ्याच्या कांड्या भरायची. सुनेचं नाव कमलम्मा. वय विशीच्या आत-बाहेर, अंग पांढरंफटक, आणि कडेवर पाच महिन्यांची मुलगी. तिचं नाव सुगुणा. कमलम्मा पायरी चढून आली आणि दम लागून माझ्या काठाला धरूनच बसली. तिची बोटं तापलेली होती. ताप तिला दोन महिने येत होता, आणि डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून विटेएवढी झाली होती.

वैद्यांनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "डॉक्टरांना दाखवलं का?"

दाखवलं होतं. डॉक्टर रुद्रप्पा हे पेठेतले नव्या विद्येचे डॉक्टर. त्यांच्याकडं पितळेचा सूक्ष्मदर्शक होता. लोक त्याला दुर्बीणच म्हणत. त्यांनी कमलम्माच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघितला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या, रानात गवत माजावं तशा. ह्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोमल ह्या विषाचे थेंब देऊन बघितले, ते तिच्या पोटात ठरेनात. मुंबईला क्ष-किरण देतात, त्यानं काही महिने मिळतील, पण रोग जाणार नाही, असंही ते म्हणाले होते.

"मुंबईला मी जाणार नाही," कमलम्मा म्हणाली. तिचं मराठी साफ होतं, ती सोलापुरातच वाढलेली. "तिकडं मेले तर? पोर इकडं." मग ती वैद्यांकडं न बघता सुगुणाच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाली, "मला लई दिवस नकोत, अप्पा. हिनं एकदा अम्मा म्हणून हाक मारावी आणि मी ओ द्यावी, एवढं जगवा."

सारजाबाईंचा हात बत्त्यावर थांबला. मित्रांनो, मी आजवर पुष्कळांची गाऱ्हाणी ऐकली होती. कुणी शंभर वर्षं मागायचं, कुणी मुलगा मागायचं. एका शब्दाएवढं आयुष्य मागणारी ही पहिलीच.

वैद्य खरं बोलणारे होते. म्हणाले, "माझ्या पोथीत ह्या रोगावर औषध नाही." तेव्हा नरसम्मा पुढं झाल्या. त्यांचं मराठी बाजारापुरतं. हातवारे करत त्यांनी सांगितलं की त्यांच्या माहेरी, तेलंगणात, एक म्हातारी अंगातल्या गाठींवर एका झाडाचा काढा द्यायची. झाडाचं नाव त्यांनी सांगितलं, "बिळ्ळगन्नेरू."

आता गंमत बघा. गंमत म्हणतो, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा बाकी होता. तेलुगूत गन्नेरू म्हणजे कण्हेर, कानडीत तिला कणगिल म्हणतात, हे वैद्यांना ठाऊक होतं. आणि कानडीत "बिळी" म्हणजे पांढरी. वैद्यांच्या कानडी कानानं नरसम्माचं तेलुगू ऐकलं आणि मनातल्या मनात अर्थ लावून टाकला, पांढरी कण्हेर. त्यांना ते पटलंही. रोग पांढऱ्याचा, औषध पांढरं. शिवाय पोथीत कण्हेर आहे. ती जहर असते, पण दुधात शोधून, म्हणजे शुद्ध करून, अगदी कणभर देतात, असं लिहिलेलं आहे. जीवघेण्या रोगाला जहाल औषध, असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन देवळामागच्या बागेतून पांढऱ्या कण्हेरीची मुळी डहाळीसकट घेऊन आले. दुधात उकळली, धुतली, वाळवली.

चार दिवसांनी मुळी माझ्यापुढं आली. वैद्य म्हणाले, "सारजव्वा, नाव घे. पांढरी कण्हेर."

सारजाबाईंनी नाव घेतलं नाही. "अप्पा, आमच्या गावाकडच्या हरिबाच्या सात शेळ्या कुपाटीची कण्हेर खाऊन सांजच्याला आडव्या झाल्या व्हत्या. ह्ये माणसाला द्यायचं?"

"शोधलंय ते. कणभर द्यायचं. त्या बाईंच्या माहेरचं औषध आहे."

"तुमी म्हणता तर आसंल," सारजाबाई म्हणाल्या, आणि नाव घेऊन त्यांनी मुळी माझ्यात टाकली. रोजच्यासारखं त्या बत्त्याशी काही बोलल्या नाहीत. मी मुळीची चव घेतली आणि मला कळलं. दुधानं तिचा राग थोडा निवला होता, गेला नव्हता. असली चव पूर्वी एकदाच, गुरांच्या गोचिडांवर लावायचं औषध करताना माझ्या वाट्याला आली होती. मला ओरडायचं होतं. देवानं मला तोंड दिलं आहे, चांगलं रुंद दिलं आहे, पण त्यात बत्ता बसवून ठेवला आहे. मी काय करणार?

नरसम्मा औषध न्यायला आल्या. वैद्य आत दुसऱ्या रोग्याला बघत होते. सारजाबाईंनी नियमाप्रमाणं पुडी पुढं केली आणि नाव सांगितलं, "पांढरी कण्हेर." नरसम्मांना कण्हेर हा शब्दच ठाऊक नव्हता. वैद्यांच्या दुकानातलं काहीतरी नाव असेल असं समजून त्यांनी मान डोलवली. नियम पाळला गेला. नाव झालं, मान झाली. पुडी नरसम्मांच्या पदराच्या गाठीत गेली आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.

सारजाबाई तशाच बसून राहिल्या. त्यांच्या समोर सुपात कण्हेरीची उरलेली डहाळी पडली होती. त्यांनी ती उचलली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आखडलेल्या पायानं लंगडतच दारात गेल्या.

"नरसम्मा, थांबा जरा. नावाचं ऱ्हाऊ द्या. ह्ये पान बगा. ह्येच का तुमचं झाड?"

नरसम्मांनी लांबट, जाड, टोकदार पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे? हे नाही. हे गन्नेरू. हे खाल्लं तर मरतात. मी बिळ्ळगन्नेरू सांगितलं." त्यांनी हवेत बोटानं गोल काढला. "बिळ्ळ. पैशासारखा, गोल, चपटा." आणि बोलता बोलता त्यांची नजर पायरीच्या कडेला गेली. त्या खाली वाकल्या आणि सदाफुलीचं एक फूल खुडून त्यांनी सारजाबाईंच्या तळहातावर ठेवलं. "हे. हे बिळ्ळगन्नेरू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. इतकी वर्षं माझं धुवण पिऊन वाढलेलं झाड, आणि औषध शोधायला वैद्य देवळामागं गेले होते.

आतून वैद्य बाहेर आले. काय झालं ते त्यांना दोन वाक्यांत कळलं. ते पायरीवरच बसले. मग नरसम्मांच्या पदराची गाठ त्यांनी स्वतः सोडली, पुडी घेतली आणि परसात खोल खड्डा करून पुरली. परत येऊन मला उचललं. त्या वयात मला उचलणं सोपं नव्हतं. राख, चिंच आणि कढत पाणी घेऊन त्यांनी मला सात वेळा घासलं, आणि ते पाणी सदाफुलीला न घालता त्याच खड्ड्यात ओतलं. तोपर्यंत सारजाबाईंना त्यांनी स्वतःच्या गादीवर बसायला लावलं होतं. बिचाऱ्या अवघडून कडेला टेकल्या होत्या.

"सारजव्वा," वैद्य म्हणाले, "मी चार भाषा ऐकतो म्हणून मला गर्व होता. आजपासून ह्या दुकानात नाव नंतर. आधी पान दाखवायचं. आणि तू बघून हो म्हटल्याशिवाय खलात काही पडायचं नाही."

"मला काय कळतंय, अप्पा. मला शेळ्यांचं कळतंय," सारजाबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी वैद्य डॉक्टर रुद्रप्पांकडं गेले. दोघांचं पेठेत फारसं सख्य नव्हतं. एकमेकांना नमस्कार घालायचे आणि पाठ फिरली की एकमेकांच्या औषधांना नावं ठेवायचे. वैद्यांनी जाऊन आपली चूक आपल्याच तोंडानं सांगितली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात आले. माझ्यासमोर पायरीवर उकिडवे बसून सदाफुलीचं पान त्यांनी उलटसुलट बघितलं, चुरगळून वास घेतला. "लोक हे साखरेच्या रोगावर चघळतात, एवढं मी ऐकलंय," ते म्हणाले. "रक्ताच्या रोगाचं मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. पण माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही. तुम्ही थोड्यापासून सुरू करा. मी आठवड्याला रक्त बघतो. जे दिसेल ते लिहायचं. चांगलं दिसलं तरी आणि वाईट दिसलं तरी."

वैद्यांनी कमलम्माला समोर बसवून सगळं सांगितलं. चूक कशी झाली तेही सांगितलं, आणि हे नवं झाड गुण देईल की अपाय करील ते माहीत नाही, हेही. ती म्हणाली, "द्या. ह्या वेळी पान तरी बघितलंय."

मग सदाफुली माझ्यात आली. किती घ्यायची आणि कशी द्यायची ते मी सांगणार नाही, मित्रांनो, कारण तुमच्यातला एखादा शहाणा घरी करून बघेल. ते झाड दिसायला गरीब आहे, पण त्याच्या पोटातही विष आहे. मी चव घेतलेली आहे. कडवट, धारदार चव, जिभेवर मागाहून चढणारी.

पहिला महिना काही फरक पडला नाही. वैद्यांच्या वहीत चार आठवडे एकच शब्द होता, "तसंच." पाचव्या आठवड्यात डॉक्टर चालतच आले आणि म्हणाले, "पांढऱ्या पेशी थोड्या कमी दिसतात. पुन्हा बघतो." पुन्हा बघितलं, पुन्हा थोड्या कमी. ताप एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्यातून एकदा. पानथरी दोन बोटं आत गेली. वैद्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले, "झाडामुळं की आपोआप, ते मला सांगता येत नाही, अप्पा." वैद्यांनी तेही वहीत लिहिलं. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटतो.

कार्तिकात कमलम्मा म्हणाली, "बोटांना दोरा कळंनासा झालाय. कांडी भरताना सुटतो." विणकराच्या घरातल्या बाईच्या बोटांना दोरा कळत नाही म्हणजे काय, ते वैद्यांनी ओळखलं. औषध अंगावर चढत होतं. त्यांनी माप निम्म्यावर आणलं, आणि सारजाबाई बत्त्याला म्हणाल्या, "आवशीद आन् इख, सख्खी भावंडं हायती बग." बोटं हळूहळू सुधारली. कमलम्मा पुन्हा कांड्या भरू लागली. रोज थोड्या, पण भरू लागली.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ती मुलीला कडेवर घेऊन गेली. नंदीध्वजांची मिरवणूक बघून आली, आणि दुसऱ्या दिवशी औषध न्यायला आली तेव्हा सगळ्यांना चिरमुरे वाटले. माझ्या काठावरही चार ठेवले. सुगुणाला तिनं माझ्याशेजारी खाली बसवलं आणि पाठमोरी होऊन सारजाबाईंशी बोलू लागली. सुगुणा माझ्या काठावर, टवका उडालेल्या जागी, तळहात आपटत होती. मऊ, ओले तळहात. दगडाला सुद्धा ते कळत होतं. आईचं लक्ष नाही असं बघून ती रागावली, आणखी जोरात आपटली आणि म्हणाली, "अम्मा."

दुकानात चार भाषांतली माणसं होती. त्या एका शब्दात कुणाची गफलत झाली नाही. कुणाला पान दाखवावं लागलं नाही. कमलम्मा वळली आणि म्हणाली, "ओ." मग तिला रडू आलं. सारजाबाईंनाही आलं. वैद्य पोथीत डोकं घालून बसले होते, पण पोथी उलटी धरलेली होती, ते मी बघितलं.

ही गोष्ट इथंच थांबवावी असं मला फार वाटतं. पण वैद्यांच्या वहीत जे चांगलं तेही होतं आणि जे वाईट तेही होतं, तेव्हा मला लपवता येणार नाही. चैत्रात ताप परतला. पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या, आणि ह्या वेळी सदाफुलीला त्या बधल्या नाहीत. वैशाखात कमलम्मा गेली. वैद्यांनी वहीत लिहिलं, "बरी झाली नाही." त्यांना ते पान फाडून टाकायचं होतं. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "फाडू नका. नऊ महिन्यांत मधे पाच-सहा महिने काहीतरी झालं. ते काय होतं हे तुम्हाला-मला कळणार नाही. माझी दुर्बीण लहान आहे. पण कुणाजवळ तरी मोठी असेल." त्यांनी ते पान उतरवून घेतलं, सोबत सदाफुलीचं एक वाळवलेलं पान ठेवलं, आणि मुंबईला आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडं पाठवलं. उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही.

तेराव्यानंतर नरसम्मा आल्या. वैद्य उठून उभे राहिले, बोल ऐकायची तयारी करून. नरसम्मांनी त्यांच्या पायाला हात लावला, मग सारजाबाईंच्या पायाला, आणि मग, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझ्या काठाला. "पोर अम्मा म्हणाली, आणि अम्मा समोर होती," एवढंच त्या म्हणाल्या. दगडाच्या पाया कुणी पडतं का? देवाच्या पडतात. त्या दिवशी मला भीमा पाथरवटाची आठवण झाली.

पुढं तीन वर्षांनी वैद्य गेले. त्या जागेत रंगीत बाटल्यांतल्या औषधांचं दुकान आलं. नव्या मालकांना माझा उपयोग नव्हता. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवलं. पुढं कुणीतरी पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा मारल्या. बत्ता कुठं हरवला ते कळलं नाही. त्याचं धपाधप बोलणं नसल्यानं मला फार सुनं वाटायचं. एक दिवस सारजाबाई तिथून जात होत्या. मला बघून थांबल्या, आत जाऊन त्या लोकांना म्हणाल्या, "ह्यो दगूड मला द्या की." त्यांनी आनंदानं दिला. हातगाडीवर घालून त्यांनी मला घरी आणलं, राख-चिंच लावून घासलं आणि दारात ठेवलं. माझ्यात चटणी कुटायची नाही, असं त्यांनी शेजारणींना बजावून सांगितलं आहे. माझ्याशेजारी त्यांनी सदाफुलीची एक फांदी लावली. ती आता कमरेएवढी झाली आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या कुंपणाला जे उगवतं ते नुसतं नावावरून ओळखू नका. नाव चुकतं, कान चुकतात, शहाणी माणसंसुद्धा चुकतात. थांबवून पान दाखवणाऱ्या माणसाला अडाणी म्हणू नका, मग तिला फक्त शेळ्यांचं कळत असलं तरी चालेल. आणि ज्याचा गुण आला नाही तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. कधीतरी कुणीतरी मोठी दुर्बीण घेऊन येईल आणि ते पान उघडून बघेल, अशी मला आशा आहे.

काल नरसम्मा सुगुणाला घेऊन आल्या होत्या. ती आता सहा वर्षांची आहे. शाळेत कुणीतरी तिला विचारलं होतं की तुझी आई कुठं आहे, आणि ती गप्प बसली होती. तिनं सारजाबाईंना हळूच विचारलं, "आजी, मी माझ्या अम्माला कधी हाक मारलीच नाही ना?"

सारजाबाईंनी तिला माझ्याजवळ आणून खाली बसवलं आणि तिचा तळहात माझ्या टवक्यावर ठेवला.

"मारली व्हतीस की. हितं हात आपटून मारली व्हतीस, आमी समद्यांनी ऐकली. आन् तिनं ओ दिली व्हती."

सुगुणा दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून राहिली, आणि तिचा हात माझ्यावरच होता.